टायर बदनाम, वजन नामानिराळं

ट्रॅक्टरला पुढे लोडर बसवून भाड्याने काम करणाऱ्यांमध्ये एक तक्रार हल्ली सिद्धान्तासारखी मांडली जाते. टायरमध्ये पूर्वीचा दम राहिला नाही म्हणे. वडिलांच्या काळी पुढचे टायर आठ-दहा वर्षं जायचे, आता दोन हंगामांत गोटा होतात, गाल फुगतात, नाहीतर भर कामात फुटतात. तक्रारीमागोमाग तीन उपायही येतात: जास्त प्लायचा टायर घ्या, हवा ठासून भरा आणि मागच्या चाकांत पाणी भरा. वीटभट्टीवर विचारा, साखर कारखान्याच्या यार्डात विचारा, टायरच्या दुकानात विचारा, हीच त्रिसूत्री ऐकायला मिळते. कृषी प्रदर्शनात लोडर विकायला उभा असलेला माणूसही तीच पढवतो.

मला हे निदान मान्य नाही. तीन उपायांपैकी दोन अर्धवट आहेत, आणि तिसरा भलत्याच दुखण्यावरचा आहे.

आधी वडिलांच्या काळाचा मुद्दा निकालात काढू. वडिलांच्या ट्रॅक्टरला लोडर नव्हता. तो नांगरत होता, पाळी घालत होता, ट्रॉली ओढत होता. नांगर जमिनीत ओढला जातो तेव्हा ट्रॅक्टरचं वजन मागच्या चाकांकडे सरकतं आणि पुढचं तोंड हलकं होतं. म्हणून तर मुंडीला लोखंडी प्लेटा अडकवायची पद्धत पडली. त्या ट्रॅक्टरच्या पुढच्या टायरांना आयुष्यभर दिशा धरून ठेवण्यापलीकडे फारसं काम नव्हतं. लोडरने हा सगळा हिशेब उलटा केला. तरी आजही असे ट्रॅक्टर दिसतात ज्यांच्यावर लोडरही आहे आणि मुंडीच्या प्लेटाही तशाच आहेत. लोडर चढवल्यावर त्या प्लेटा काढायच्या असतात, एवढी साधी गोष्ट विकणाऱ्याने सांगितलेली नसते. नांगरणीच्या टायरचं आयुष्य लोडरच्या टायरकडून मागायचं आणि मिळालं नाही की कंपनीला शिव्या द्यायच्या, याला तुलना म्हणत नाहीत.

आता आकडे मांडू, कारण या वादात बोलतात सगळे, बेरीज कोणी करत नाही. पंचेचाळीस-पन्नास एचपीचा टू व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टर घ्या. वजन 2000 किलो धरू, पुढच्या-मागच्या एक्सलमधलं अंतर 2 मीटर. त्यातले 800 किलो पुढे, 1200 मागे. लोडरचा सांगाडा आणि रिकामी बकेट मिळून 450 किलो, आणि ते जवळजवळ सगळं पुढच्या एक्सलच्या बोकांडी. म्हणजे अजून एक खडाही उचललेला नाही, तोवरच पुढे 1250 किलो झाले. आता बकेटमध्ये 400 किलो मुरूम भरला. तो एक्सलच्या दीड मीटर पुढे लटकतो. पुढच्या एक्सलवर यामुळे 400 किलो वाढत नाहीत, 700 वाढतात. वरचे 300 येतात कुठून? मागच्या चाकांवरून. पहारीच्या टोकावर जोर दिला की दुसरं टोक उचलतं, तसंच इथे होतं. पुढे 1950, मागे 900. पुढच्या प्रत्येक टायरवर 975 किलो.

अनेक टायरांच्या गालावर मापाशेजारी बारीक टायपात आणखी एक आकडा आणि एक अक्षर असतं. समजा ते 91 ए6 आहे. 91 हा भाराचा सांकेतिक आकडा, त्याचा अर्थ 615 किलो. ए6 म्हणजे ताशी 30 किलोमीटर. 615 च्या टायरवर 975 किलो ठेवले, म्हणजे निम्म्याहून जास्त जादा ओझं. हळू चालणाऱ्या लोडर कामासाठी कंपन्यांच्या तक्त्यांत जास्त वजनाची मुभा असते हे मला माहीत आहे. पण ती मुभा कमी वेगाला आणि त्याप्रमाणे वाढवलेल्या हवेला असते. भरलेली बकेट घेऊन यार्डातून डांबरी रस्त्याने पाव किलोमीटर पळत जाणाऱ्यासाठी ती नसते. उंच धरलेली बकेट झपकन खाली सोडून मध्येच थांबवणाऱ्यासाठी तर नाहीच.

आणि 400 किलो हा सौम्य हिशेब झाला. बकेट घनमीटरच्या चार दशांश भरते असं धरा. तिच्यात मोकळा बगॅस भरला तर पन्नास-साठ किलो होतो, ओलं शेणखत तीनशेच्या घरात जातं आणि मुरूम सहाशेच्याही वर. जिनिंगमध्ये कापसाचे ढीग ढकलणारा लोडर आणि तलावाच्या काठावर मुरूम उचलणारा लोडर बाहेरून सारखेच दिसतात. जिनिंगवाल्याचे पुढचे टायर अनेक वर्षं टिकतात, मुरूमवाल्याचे टिकत नाहीत. टायर त्याच कंपनीचे, त्याच मापाचे. ज्यांना टायरचीच क्वालिटी गेली असं वाटतं त्यांनी या फरकाचं उत्तर द्यावं.

आता पाण्याकडे येतो, कारण सर्वांत मोठा गैरसमज तिथेच आहे. मागच्या दोन टायरांत मिळून तीनशे लिटर पाणी भरलं, तर पुढच्या एक्सलवरचं ओझं किती कमी होतं? शून्य. एक किलोसुद्धा नाही. पाणी मागच्या चाकांच्या आत आहे. त्याचं वजन चाकातूनच खाली जमिनीवर उतरतं. पुढचं तोंड हलकं करायला वजन मागच्या एक्सलच्या मागे लटकलेलं हवं. चाकाला बोल्टने बसवायची बिडाची वजनंही याच कारणाने पुढच्या टायरला काडीची मदत करत नाहीत.

याचा अर्थ पाणी भरू नका असा नाही. मागचं चाक जमिनीला धरून राहतं, ट्रॅक्टर कलंडायला सहज तयार होत नाही. शिवाय एक गोष्ट फार जण विसरतात: या ट्रॅक्टरचे ब्रेक मागच्या चाकांनाच असतात. मागचं वजन निम्मं उचललं गेलेलं असताना भरली बकेट घेऊन उतारावरून पुढे तोंड करून उतरणं म्हणजे जवळपास बिनब्रेकचं उतरणं. तेव्हा पाणी हवंच, पण ते कशासाठी आहे हे ओळखून. व्हॉल्व वरच्या टोकाला आणून व्हॉल्वच्या पातळीपर्यंत भरा, म्हणजे टायर साधारण तीन चतुर्थांश भरतो. वरच्या जागेतली हवाच धक्का झेलते. काठोकाठ भरलेल्या टायरला उशीच उरत नाही. थंड देशांत पाणी गोठू नये म्हणून त्यात कॅल्शियम क्लोराईड मिसळतात. आपल्याकडे त्याची गरज नाही, उलट रिम मात्र गंजते. हवा मोजतानाही व्हॉल्व वर ठेवा, नाहीतर पाण्याच्या उंचीमुळे काटा एखादा पौंड जास्त दाखवतो आणि गेजमध्ये पाणी शिरून गेजही जातं.

मग पुढचं तोंड हलकं करायचं कशाने? दोनशे लिटरचा जुना बॅरल घ्या, मधून मजबूत दांडा घाला, काँक्रीटने भरा. वजन भरतं जवळपास 480 किलो. तो लोअर लिंकला दोन्ही बाजूंनी पिना मारून आणि टॉप लिंक जोडून मागे लटकवा, जमिनीपासून फूटभर वर. एक्सलच्या एक मीटर मागे तो आला की पुढच्या एक्सलवरचे 240 किलो उतरतात आणि मागे 720 वाढतात. वरचाच हिशेब चालवा: पुढे 1950 चे 1710, मागे 900 चे 1620. तीनशे लिटर पाण्याने शून्य, आणि गावच्या वेल्डरकडे होणाऱ्या एका बॅरलने 240. ज्याच्याकडे सहा फुटी रोटाव्हेटर आहे त्याला बॅरलचीही घाई नाही; तो साधारण याच वजनाचा असतो आणि मागे लटकवून ठेवला तर हेच काम करतो, फक्त रिव्हर्स घेताना त्याचं भान ठेवावं लागतं.

यावर तीन हरकती हमखास येतात. डिझेल वाढतं, ही पहिली. थोडं वाढतं. पण मागचं चाक हलकं होऊन ढिगात तोंड घातल्यावर जागच्या जागी स्लिप मारतं, तेव्हा जाळलेलं डिझेल आणि घासलेलं रबर कोणी मोजत नाही. मागच्या टायरवर ताण येतो, ही दुसरी. बकेट रिकामी असताना मागे 1920 किलो, म्हणजे एका टायरवर 960. 13.6-28 सारखा मागचा टायर यापेक्षा जास्त पेलायला बनवलेला असतो. तिसरी हरकत मात्र खरी आहे. गोठ्यात किंवा वीटभट्टीच्या दोन रांगांमध्ये मागे आणखी सव्वा मीटर लांबी घेऊन वळणं त्रासाचं असतं. तिथे बकेट अर्धी भरा. दोन फेऱ्या जास्त होतील, एवढंच.

बॅरलने सगळं भागतं असा माझा दावा नाही. 855 किलो अजूनही 615 पेक्षा जास्तच आहेत, म्हणून टायर बदलायचा प्रश्न उरतोच. पण क्रम हा आहे: आधी मुंडीच्या प्लेटा काढा, मग मागे वजन लटकवा, मग उरलेल्या ओझ्याला पुरेल असा टायर निवडा. आपल्याकडे तिसऱ्या पायरीपासून सुरुवात होते आणि तिथेच संपते.

आणि निवड तरी कशी होते? फक्त प्लाय विचारून. सुती धाग्याचे टायर होते तेव्हा प्लायचा आकडा म्हणजे आतल्या थरांची मोजदाद होती. नायलॉन आल्यापासून तो ताकदीचा दर्जा दाखवतो. सोळा प्लायच्या टायरमध्ये सोळा थर शोधायला जाऊ नका. त्याहून महत्त्वाचं असं की प्लाय जास्त असल्याने टायर आपोआप जास्त ओझं पेलत नाही. जास्त प्लाय म्हणजे त्यात जास्त हवा भरायची सोय. ओझं पेलते ती हवा. बारा प्लायचा टायर आणून त्यात जुन्याच मापाने हवा ठेवली, तर पैसे दुकानदाराच्या खिशात गेले आणि टायर होता तिथेच राहिला.

दुसरी खेळी म्हणजे 6.00-16 काढून 7.50-16 चा सोळा प्लायचा टेम्पोचा टायर चढवायचा. काँक्रीटच्या किंवा खडीच्या यार्डात दिवसभर काम असेल तर मी याला विरोध करणार नाही. कठीण जमिनीवर तो बरा टिकतो. पण काळ्या ओल्या रानात स्टेअरिंग वळवलं तरी ट्रॅक्टर सरळच जाईल, कारण शेतीच्या पुढच्या टायरची ती उंच रेघ टेम्पोच्या टायरला नसते. रिमचंही बघावं लागतं: 6.00-16 ला साधारण साडेचार इंची रिम असते, 7.50-16 ला साडेपाच इंची लागते. अरुंद रिमवर रुंद टायर कोंबला की गाल फुगून बाहेर येतात, मध्य उचलला जातो आणि तार आपल्या जागी नीट बसत नाही. आणि टायर वाढवला म्हणून स्टब एक्सल, बेअरिंग, किंगपिन वाढत नाहीत. टायर ही त्या साखळीतली स्वस्त कडी आहे. तिला अतिबळकट करून तोच धक्का एक्सलवर ढकलण्यात शहाणपण नाही.

नक्षीचं नातं कामाच्या जागेशी असतं. एफ-2 म्हणजे रेषांचा शेतीचा पुढचा टायर, एफ-3 औद्योगिक. मागे आर-1 म्हणजे उंच, लांब-लांब नक्षीचा शेतीचा टायर, आर-4 म्हणजे बुटक्या, रुंद, जवळजवळ नक्षीचा औद्योगिक. वर्षातले बहुतेक दिवस यार्डात आणि रस्त्यावर जात असतील तर आर-1 ची नक्षी मुरमावर पेन्सिलीसारखी झिजेल, आर-4 घ्या. पावसाळ्यात त्याच ट्रॅक्टरने चिखलणी करायची असेल तर आर-4 घेऊन पस्तावाल. रेडियलचं कौतुक नांगरणीत करा. त्याचे मऊ गाल उंच धरलेल्या भरल्या बकेटखाली ट्रॅक्टरला डोलवतात. फोर व्हील ड्राइव्हवाल्यांनी एकट्या पुढच्या जोडीचं माप कधीच बदलू नये. पुढची चाकं मागच्यांपेक्षा किंचित जास्त वेगाने फिरतील असा गिअरचा हिशेब बांधलेला असतो. घेर बदलला की कठीण जमिनीवर पुढची आणि मागची चाकं एकमेकांशी झगडत राहतात, आणि त्या झगड्यात रबर आणि गिअर दोन्ही जातात.

हवेबद्दल माझा आक्षेप ‘जास्त’ला नाही, ‘ठासून’ला आहे. लोडरला पुढे जास्त हवा लागते. पण किती, हे टायरच्या गालावर आणि कंपनीच्या तक्त्यात लिहिलेलं असतं. बुटाने लाथ मारून किंवा हाताने थाप देऊन ते कळत नाही. सकाळी, ट्रॅक्टर हलवण्याआधी, गेज लावून बघा. वैशाखात दुपारी चाळीस पौंडांचा टायर पंचेचाळीसच्या पुढे दाखवेल. तापलेल्या टायरमधली ती हवा सोडू नका, नाहीतर दुसऱ्या दिवशी सकाळी तो कमी हवेवर कामाला लागेल. मर्यादेपलीकडे फुगवलेला टायर दगडावर आपटला की दबत नाही, फुटतो.

निदान करायला फार शिक्षण लागत नाही. मेलेला टायर भंगारात देण्याआधी रिमवरून उतरवा आणि आत हात फिरवा. गालाच्या आतल्या अंगाला सगळीकडून गोल फिरणारी काळपट रेघ लागली, तिथे नायलॉनचे धागे सुटून केसांसारखे बोटाला अडकत असतील, आणि ट्यूबवर रबराची बारीक काळी भुकटी बसलेली असेल, तर तो टायर ओझ्याने किंवा कमी हवेने गेला: गाल दुमडून दुमडून आतून तुटला. आत एकाच जागी एक्स आकाराची चीर असेल आणि बाकी सगळं साबूत, तर तो आपटून फुटला. हवा जास्त होती किंवा दगडावर वेगाने घातला. वरची रेघ एका कडेने करवतीच्या दात्यासारखी झिजली असेल तर टो-इन गेलाय, टाय रॉडचे एंड आणि किंगपिनचे बुश तपासा. रेघांवर गोल गोल ओरखडे असतील तर ड्रायव्हर भरली बकेट घेऊन उभ्या ट्रॅक्टरवर स्टेअरिंग फिरवतो. पॉवर स्टेअरिंगमुळे ते हाताला जड लागत नाही, पण टायरला लागतं. पाऊल दोन पाऊल सरकत वळवा, एवढंच सांगायचं त्याला.

यात कंपनीचा दोष कधीच नसतो असंही नाही. थर सुटलेला टायर मिळतो, जुना माल नवा म्हणून विकला जातो. त्यासाठी गालावरचे शेवटचे चार आकडे बघून घ्या: 2319 म्हणजे 2019 सालचा 23वा आठवडा. दुकानदार ते दाखवायला टाळाटाळ करत असेल तर दुसरं दुकान बघा. पण क्लेमसाठी टायर नेल्यावर तपासनीस आधी आत हात घालून तीच गोल रेघ शोधतो, आणि ती सापडली की क्लेम नाकारतो. तेव्हा रागावण्यात अर्थ नसतो, कारण तो खरं बोलत असतो.

दोन गोष्टी जिवाशी आहेत, म्हणून वादाबाहेर सांगतो. रिमला चीर गेली तर टायर चढवलेला असताना तिच्यावर वेल्डिंग कधीही करू नका, हवा सोडलेली असली तरी नाही. आत तापलेल्या रबराचा वायू पेट घेतो आणि टायर बॉम्बसारखा उडतो. आणि मागचा मोठा टायर बसवताना तार जागेवर बसत नसेल तर 35 पौंडांच्या वर हवा मारू नका. हवा सोडा, साबणाचं पाणी लावा, पुन्हा बसवा. हवा मारताना लांब नळी वापरा आणि टायरच्या समोर उभं राहू नका.

माझं म्हणणं टायरवाल्यांपेक्षा लोडर बनवणाऱ्यांना आणि विकणाऱ्यांना जास्त लागू आहे. बकेट किती उचलते हे जाहिरातीत मोठ्या टायपात छापतात. त्यासाठी मागे किती वजन लागेल आणि पुढच्या प्रत्येक टायरवर किती किलो येतील, हे दोन आकडे लोडरच्या सांगाड्यावर खिळवलेल्या पट्टीवर हवेत. मागचं वजन हा हौसेचा सुटा भाग नाही, लोडरचाच भाग आहे, आणि तो लोडरच्या किमतीतच आला पाहिजे. तोवर घेणाऱ्यांनीच अडून बसावं. लोडरचा सौदा करताना भाव विचारण्याआधी हे दोन आकडे विचारा, आणि ज्याला ते सांगता येणार नाहीत त्याच्याकडून लोडर घेऊ नका.